जुन्या बटणांची पारख आणि आमच्या घराण्यातील एका समजुतीची दुरुस्ती

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकवले, एवढीच आमची विद्या. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात एक लहानशी घटना घडली आणि तिच्यामुळे एका क्षुद्र मानल्या जाणाऱ्या वस्तूकडे आम्ही नव्या दृष्टीने पाहू लागलो. ती वस्तू म्हणजे जुने बटण. ज्या शिंपी समाजाने पिढ्यानपिढ्या सुईदोऱ्यावर प्रपंच चालवला, त्याच्या वार्षिकात बटणाला चार पाने मिळण्यास कोणाची हरकत नसावी.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सुट्या बटणांचा एक डबा असतो. दुकान बंद होते, मशीन विकले जाते, कात्री गंजते; पण तो डबा मात्र माळ्यावर राहतो. आमच्या आजोबांचे पुण्याच्या लष्कर भागात, १९१४ च्या आधीपासून, शिवणकामाचे लहानसे दुकान होते. त्यांचा पितळी डबा आमच्या वडील बंधूंकडे होता. दोन वर्षांपूर्वी ते निवर्तले. दिवसकार्य आटोपल्यावर वहिनींनी तो डबा आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मास्तर माणूस. हा तुम्हीच सांभाळा." डब्यात सहाशेच्या आसपास सुटी बटणे होती आणि तळाशी खणाच्या कापडाची एक पिशवी होती. त्या पिशवीत पितळेची सात बटणे होती.

त्या सात बटणांची कथा आमच्या घरातील प्रत्येक मुलाने ऐकलेली आहे. आमचे एक पूर्वज कोल्हापूरच्या २७ व्या पलटणीत शिपाई होते. सन १८५७ मध्ये पलटण उठली तेव्हा त्यांनी कंपनी सरकारचा कोट अंगावरून टराटरा फाडून टाकला व त्याची बटणे तेवढी आठवण म्हणून जपली, अशी ती कथा. कोल्हापूरची ही पलटण ३१ जुलै १८५७ रोजी उठली, हा इतिहास खराच आहे. आम्ही स्वतः दर पंधरा ऑगस्टला शाळेतील मुलांना ही हकीकत सांगत असू आणि सांगताना आमचा कंठ दाटून येई. आमच्या घराण्याचा जो कुलवृत्तान्त छापावयाचा ठरला, त्याच्या तिसऱ्या पानावर आम्ही ही कथा आमच्याच हस्ताक्षरात लिहून दिली होती.

आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांना ती बटणे आम्ही मोठ्या अभिमानाने दाखवली. त्यांनी एक बटण उजेडात धरले, थोडे थांबले आणि संकोचाने म्हणाले, "गुरुजी, हा मुकुट राजाचा आहे. सत्तावन्न साली तर राणी गादीवर होती." त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. मुलांना चाळीसएक वर्षे सांगितलेली गोष्ट खोटी असेल काय, हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी बटणांची पारख शिकणे आम्हांस भाग पडले. जे शिकलो ते आधी सांगतो. उत्तर मागाहून येईलच.

बंद, गुंडी आणि बुतांव

बटण ही वस्तू फार जुनी. सिंधू संस्कृतीच्या काळची, शिंपल्यातून कोरून काढलेली व दोऱ्यासाठी भोके पाडलेली बटणे मोहेंजोदडो येथे सापडली आहेत. पण त्यांचा उपयोग मुख्यतः शोभेचा होता. बटणाला खरी किंमत काजामुळे येते. कापडाला चीर पाडून तिची कड दोऱ्याने गुंफण्याची युक्ती युरोपात तेराव्या शतकात रूढ झाली आणि तेव्हापासून अंगाबरोबर बसणारा कपडा शिवणे शक्य झाले. काज करताना बोटे दुखवून घेतलेल्या आपल्या आयाबहिणींना या युक्तीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आपल्याकडे मात्र दीर्घकाळ बंदांचे राज्य होते. बाराबंदीचे नावच तिच्या बारा बंदांवरून पडले. अंगरखाही बंदांनीच बांधला जाई. जेथे बंद नको तेथे कापडाची किंवा दोऱ्याची गुंडी व तिच्यासाठी फासा करीत. पोर्तुगीज आले आणि गोव्याच्या कोकणीत 'बुतांव' हा शब्द रुळला. बंगालीतील 'बोताम' हाही त्याच पोर्तुगीज शब्दाचा भाऊ. आपण ज्याला 'बटण' म्हणतो तो शब्द इंग्रजांबरोबर आला. गुंडी, बुतांव आणि बटण या तीन शब्दांत आपल्या पोशाखाचा तीन टप्प्यांचा इतिहास साठवलेला आहे.

गुंडी करणारे हात केवळ आपल्याच देशात होते असे नाही. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात अब्राहम केस नावाच्या गृहस्थाने १६२२ मध्ये शाफ्ट्सबरी येथे दोऱ्याची बटणे करण्याचा धंदा सुरू केला. मेंढ्याच्या शिंगाच्या चकतीवर कापड ताणून त्यावर दोऱ्याने विणकाम करावयाचे, अशी त्याची रीत होती. पुढे चकतीच्या जागी तारेचे कडे आले. शेकडो खेड्यांतील बायकामुले घरबसल्या ही बटणे करून पोट भरीत. सन १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बटणे करणारे यंत्र मांडले गेले आणि थोड्याच वर्षांत दोन शतकांचा हा धंदा बसला. कित्येक कुटुंबे उपाशी पडली, कित्येक समुद्रापार गेली. तयार कपड्यांची दुकाने आल्यावर आपल्या समाजातील किती दुकानांना कायमचे कुलूप लागले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना डॉर्सेटच्या त्या कुटुंबांचे दुःख समजेल. चाकाच्या आऱ्यांसारखी दोऱ्याची वीण असलेले बटण कोणाच्या डब्यात निघाले, तर ते टाकू नये.

आधी पाठ पाहावी

आता प्रत्यक्ष पारखीकडे वळू. डबा पांढऱ्या स्वच्छ कापडावर उपडा करावा. बटणे लगेच धुऊ नयेत व पितळेला पॉलिशही लावू नये. पॉलिशच्या एका हातासरशी शंभर वर्षांचा मुलामा व पाठीवरची बारीक अक्षरे निघून जातात. एक भिंग, एक लोहचुंबक आणि एक वही एवढे साहित्य पुरे. प्रथम सारखी दिसणारी बटणे एकत्र ठेवावीत, कारण एका कोटाची सहा बटणे एकत्र असली तर ती एका सुट्या बटणापेक्षा पुष्कळ अधिक सांगतात. माप घ्यावयाचे तर आपल्या धंद्यातील 'लाइन' हेच माप चांगले. चाळीस लाइनींचा एक इंच होतो.

नंतर प्रत्येक बटण उलटे करावे. नवशिका मनुष्य बटणाचे तोंड पाहतो, जाणता त्याची पाठ पाहतो. पाठीला दोरा ओवण्याची कडी आहे, की बटणाला आरपार भोके आहेत, हा पहिला प्रश्न. अठराव्या शतकातील धातूची बटणे बहुधा एका सपाट चकतीला कडी डाखलेली अशी असतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुढचा पत्रा व मागचा पत्रा निरनिराळे करून त्यांच्या कडा एकमेकींत दाबून बसवण्याची पद्धत निघाली. असे बटण आतून पोकळ व हलके असते. पाठीवर कारखानदाराचे नाव असेल तर ते अक्षरशः उतरवून घ्यावे. त्या नावात 'लिमिटेड' शब्द असला तर बटण १८५५ नंतरचे समजावे, कारण मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचा कायदा इंग्लंडात त्या वर्षी झाला. पाठीवर देशाचे नाव छापलेले असेल तर ते बहुधा १८९१ नंतरचे. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव हवेच, असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला व तो पुढच्या वर्षी अमलात आला.

पुष्कळ घरांत पिवळ्या बटणांना 'सोन्याची बटणे' म्हणण्याची चाल आहे. याबाबत एक हिशेब सांगतो. बर्मिंगहॅम हे मुलाम्याच्या बटणांचे मोठे केंद्र; वाफेच्या यंत्राच्या प्रसारात जेम्स वॉटचा भागीदार असलेला मॅथ्यू बोल्टन याने आपल्या सोहो येथील कारखान्यात प्रथम बटणे व तसल्याच बारीक वस्तू केल्या. मुलाम्याच्या नावाखाली फसवणूक होऊ नये म्हणून तेथे १७९६ मध्ये कायदा झाला. त्यानुसार एक इंच व्यासाच्या १४४ बटणांना मिळून पाच ग्रेन सोने लावले तरी त्यांना मुलाम्याची बटणे म्हणता येई. आपल्या एका तोळ्याचे १८० ग्रेन होतात. म्हणजे एका तोळ्यात अशी ५,१८४ बटणे सोनेरी होत! तेव्हा 'गिल्ट' असे लिहिलेले बटण सराफाकडे नेण्यात अर्थ नाही. त्याची किंमत त्याच्या वयात व कारागिरीत आहे.

पदार्थाची परीक्षा

धातूची बटणे बाजूला काढल्यावर उरलेल्यांचा पदार्थ ओळखावा. शिंपल्याचे बटण गालाला लावून पाहिले असता थंड लागते, हाताला जड वाटते, आणि त्याच्या पाठीवर शिंपल्याचे नैसर्गिक थर किंवा साल दिसते. प्लॅस्टिकचे नकली बटण गालाला कोमट लागते. अमेरिकेतील मस्कॅटिन या गावी जॉन बेपल नावाच्या जर्मन कारागिराने १८९१ मध्ये मिसिसिपी नदीच्या शिंपल्यांची बटणे करण्यास आरंभ केला आणि काही वर्षांत ते गाव साऱ्या जगाला बटणे पुरवू लागले. पुढे नदीतले शिंपलेच सरत आले. आपल्या देशात बिहारच्या चंपारण भागातील मेहसी या गावी १९०५ च्या सुमारास असाच धंदा उभा राहिला. तो सुरू करणारे भुलावन लाल हे शाळाखात्यातील निरीक्षक होते, हे वाचून आम्हां शिक्षकाला विशेष आनंद झाला. स्वदेशीच्या चळवळीचे तेच वर्ष. आपल्या आजोबांच्या डब्यातील काही शिंपली बटणे गंडकीच्या खोऱ्यातून आलेली असणे अगदी शक्य आहे.

हाडाचे बटण भिंगाखाली धरले की त्यात बारीक काळसर ठिपके व रेघा दिसतात. त्या जिवंतपणी रक्त वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या खुणा होत. हस्तिदंतात असे ठिपके नसतात. त्याच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद आहे, म्हणून असे बटण निघाल्यास त्याची खरेदी-विक्री करण्याच्या भरीस कोणी पडू नये. शिंग उकळून साच्यात दाबलेल्या बटणाच्या पाठीवर टोचल्यासारखे एखादे भोक असते. गरम बटण साच्यातून टोच्याने उचलताना ते पडे. आणखी एक प्रकार फसवा आहे. दक्षिण अमेरिकेतील एका ताडाच्या जातीचे कोरोझो नावाचे बी हस्तिदंतासारखे पांढरे व टणक असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोटाची असंख्य बटणे त्याची झाली. त्याच्या कडेला बहुधा बियाची तपकिरी साल राहिलेली आढळते.

जुन्या बंड्यांना व झबल्यांना असणारी पांढरी, काचेसारखी दिसणारी लहान बटणे पुष्कळांच्या डब्यांत सापडतील. ती काचेची नसून चिनी मातीची असतात. कोरड्या मातीची भुकटी साच्यात दाबून बटण करण्याचा शोध इंग्लंडातील रिचर्ड प्रॉसर याने लावला व १८४० मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याची ओळख सोपी आहे: तोंड गुळगुळीत, पण पाठ संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत. काळ्या काचेची बटणे ही आणखी एक जात. राणी व्हिक्टोरियाचा पती अल्बर्ट १८६१ मध्ये वारला आणि राणीने जन्मभर काळा वेष धरला. तेव्हा जेट नावाच्या काळ्या खनिजाची बटणे फॅशनीत आली, आणि ती परवडत नसणाऱ्यांसाठी बोहेमियातील कारखान्यांनी काळ्या काचेची केली. जेट हलके व हाताला उबदार असते. काच जड व गार.

राहिली कृत्रिम पदार्थांची बटणे. सेल्युलॉइड हे अमेरिकेत १८७० च्या आसपास प्रचारात आले. बोटाने जोराने चोळून हुंगल्यास त्याला कापराचा वास येतो. दुधातील केसिनपासून केलेले बटण कोमट पाण्यात बुडवल्यावर नासक्या दुधासारखा वास देते. बेकलाइट हा पदार्थ लिओ बेकलंड याने १९०७ मध्ये शोधला. त्याला कार्बोलिकचा वास असतो. पॉलिएस्टरची बटणे दुसऱ्या महायुद्धानंतरची. कोणी तापलेली सुई टोचून परीक्षा करण्यास सांगतात. ती परीक्षा करू नये. सेल्युलॉइड भडकन पेट घेते, आणि बटणाला पडलेला डाग तर जन्माचा राहतो. जुनी सेल्युलॉइडची बटणे निराळ्या कागदी पाकिटात ठेवावीत, कारण त्यातून सुटणाऱ्या वाफेने शेजारचे धातूचे बटण गंजते.

मुकुटाची साक्ष

शेवटचा प्रकार गणवेषाच्या बटणांचा. यांवर चिन्हे व अक्षरे असतात आणि ती वाचता आली तर बटणाचा काळ बऱ्याच नेमकेपणाने सांगता येतो. उदाहरणार्थ, जी. आय. पी. रेल्वेची अक्षरे असलेले बटण घ्या. या कंपनीची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी तिच्या जागी मध्य रेल्वे झाली. तेव्हा ते बटण या शंभर वर्षांतलेच. अशोकस्तंभाचे सिंह असलेले सरकारी बटण २६ जानेवारी १९५० च्या आधीचे असू शकत नाही, कारण ती राजमुद्रा त्या दिवशी स्वीकारली गेली.

इंग्रजी मुकुटाचेही असेच आहे. राणी व्हिक्टोरियाच्या काळच्या मुकुटाच्या कमानी बाजूंना फुगून मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात. ती १९०१ मध्ये वारली व सातवा एडवर्ड गादीवर आला. त्यानंतर लष्करी बिल्ल्यांवर व बटणांवर गोल घुमटासारख्या कमानींचा मुकुट आला आणि तो १९५२ पर्यंत चालला. राणी एलिझाबेथच्या काळात पुन्हा मध्ये दबलेला मुकुट आला, आणि २०२२ नंतर राजा चार्ल्सने पुन्हा घुमटाचा मुकुट घेतला. सुभेदारसाहेबांनी एका दृष्टिक्षेपात ओळखले ते हेच.

आम्ही सातही बटणे भिंगाखाली ठेवली. तोंडावर ढाल, तिच्या दोन्ही बाजूंस सिंह व एकशिंगी घोडा आणि वर मुकुट. मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल होत्या. सातपैकी एकावरही त्या दबलेल्या नव्हत्या. पाठीवर बर्मिंगहॅमच्या जे. आर. गाँट या कारखान्याचे नाव होते. तो कारखानाच मुळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात उभा राहिलेला. तिसरी साक्ष आम्हां शिंप्यांच्या घरातली होती. चार बटणांच्या कड्यांत खाकी दोऱ्याची टोके अडकून राहिली होती. कोट टराटरा फाडला असता तर दोरा तुटून पिंजला असता. येथे तो कात्रीने सरळ व स्वच्छ कापलेला होता. तीन साक्षी एकमुखाने बोलल्या. ही बटणे सन १८५७ ची नव्हती. ती विसाव्या शतकातील गोऱ्या पलटणीची, अगणित संख्येने निघालेली, साधी बटणे होती.

खरे सांगावयाचे तर आम्हांस दुःख झाले. कुलवृत्तान्ताची मुद्रिते छापखान्यातून यावयाची होती. आमच्या पुतण्याने आमचा चेहरा पाहून म्हटले, "काका, राहू द्या ना. छापून आल्यावर कोण भिंग घेऊन बसणार आहे?" त्याचा हेतू चांगला होता. आम्हांसही क्षणभर मोह झाला. परंतु मुलाच्या वहीतील चुकीच्या गणिताखाली आम्ही कधी बरोबरची खूण केली नाही. मग आमच्याच वहीत ती कशी करावी? आम्ही छापखान्यात निरोप धाडून तिसरे पान परत मागवले.

सर्वांत कठीण काम वहिनींना सांगण्याचे होते. त्यांचे वय आज चौऱ्याऐंशी आहे आणि त्या घरात त्यांनी ही पिशवी देवासारखी जपली होती. आम्ही अडखळत सारे सांगितले. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, सासूबाई तर निराळेच सांगत असत. पण मामंजींना सत्तावन्नची गोष्ट फार आवडे, म्हणून आम्ही बायका कधी बोललो नाही."

आमच्या मातोश्रींनी त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेली हकीकत वहिनींनी सांगितली ती अशी. लष्करातील एक गोरा सोजीर आजोबांच्या दुकानात आपला कोट सैल करण्यासाठी टाकून गेला. चार दिवसांत नेतो म्हणाला. तेवढ्यात लढाई लागली आणि त्याची पलटण बोटीने बसऱ्याकडे गेली. आजोबांनी कोट सैल करून, इस्त्री करून, खुंटीला लावून ठेवला. वर्षे गेली. कोटाला कसर लागली तेव्हा नाइलाजाने तो टाकावा लागला. पण बटणे कापून त्यांनी या पिशवीत ठेवली. मालक कधी आलाच तर निदान त्याची बटणे त्याच्या हातावर ठेवता यावीत, म्हणून.

पुण्यातील सहावी डिव्हिजन १९१४ च्या अखेरीस मेसोपोटेमियात गेली, हा इतिहास नोंदलेला आहे. तिच्यात आपली ११७ वी मराठा पलटण होती आणि ज्या डॉर्सेटच्या बटणांविषयी आम्ही वर लिहिले, त्या परगण्याची एक गोरी पलटणही होती. ही डिव्हिजन कूत येथे वेढ्यात सापडली. उपासमारीने जेरीस येऊन सुमारे १३ हजार गोऱ्या व हिंदी लोकांसह तिने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. कैदेत गेलेल्यांपैकी हजारो परत आले नाहीत. घुमटाचा मुकुट, खाकी दोरा व कात्रीचा काप या तिन्ही गोष्टी वहिनींच्या हकीकतीशी जुळतात.

तरीही एकदा पोळल्यामुळे आम्ही आता सावध झालो आहोत. जुळणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे. म्हणून कुलवृत्तान्ताच्या नव्या पानावर आम्ही मधोमध रेघ मारून दोन रकाने केले. डाव्या रकान्यात 'बटण काय सांगते' ते लिहिले: मुकुटाचा आकार, कारखान्याचे नाव, दोरा, काप व काळाची मर्यादा. उजव्या रकान्यात 'घरातील माणसे काय सांगतात' ते लिहिले आणि कोणी कोणाकडून ऐकले हेही नमूद केले. त्या रकान्यात सत्तावन्नची कथाही ठेवली आहे, कारण आमच्या वडिलांना ती का आवडत होती, हादेखील आमच्या घराण्याचा इतिहासच आहे. फक्त डाव्या रकान्यातील साक्ष तिच्या विरुद्ध आहे, एवढे तिच्यापुढे लिहिले.

वाचक बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती आहे की, आपल्या घरातील डबा भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. सारखी बटणे पुठ्ठ्यावर दोऱ्याने टाचून ठेवावीत, त्यांच्या मागे वरीलप्रमाणे दोन रकाने लिहावेत, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना आवर्जून विचारावे. पुरुषांनी ओसरीवर सांगितलेल्या गोष्टी वंशावळींत येतात; माजघरात सांगितलेल्या गोष्टी विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत. वहिनींना आम्ही पन्नास वर्षांत एकदाही विचारले नव्हते, ही खंत आम्हांस आहे.

पुढील स्नेहसंमेलनाच्या दिवशी आम्ही भिंग घेऊन मंडपाच्या एका कोपऱ्यात बसणार आहोत. ज्यांना आपला डबा दाखवावयाचा असेल त्यांनी तो खुशाल घेऊन यावा. कोणत्याही बटणाला आम्ही हसणार नाही आणि कोणत्याही बटणाला उगाच मोठेही म्हणणार नाही.

आमची सात बटणे पुन्हा त्याच खणाच्या पिशवीत गेली आहेत. बाजारात त्यांना किंमत जवळजवळ नाही. एका अनोळखी परदेशी गिऱ्हाइकाची सात बटणे आजोबांनी हयातभर जपली असतील, तर बंडातल्या शिपायाचा वारस म्हणवून घेण्यापेक्षा त्या शिंप्याचा नातू म्हणवून घेण्यात आम्हांस अधिक धन्यता वाटते. असो.